करंट वाढवला की सुपरकॅपॅसिटर बसतो? करवंटीला शिव्या देण्याआधी बाटली बघा

आधी लक्षणं लिहितो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं काही, ते लगेच कळेल.

सेल चार्ज होतो. ०.५ ॲम्पिअर प्रति ग्रॅमला आकडे झकास येतात, आलेख छान त्रिकोणी. करंट ५ किंवा १० वर नेला की कॅपॅसिटन्स अर्ध्याच्याही खाली. डिस्चार्ज सुरू होतानाच व्होल्टेज धपकन पडतं आणि मग उतार लागतो. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीचा (व्होल्टेज वर-खाली नेत करंट नोंदवायची चाचणी) आयत आयत राहत नाही, तिरका होऊन पिंपळपानासारखा दिसतो, नाहीतर वरच्या कोपऱ्यात त्याला शेपूट फुटतं. रात्री १ व्होल्टला भरून ठेवलेला सेल सकाळी ०.३ वर सापडतो. कधी सोमवारी सगळं उत्तम आणि गुरुवारी रडगाणं. कधी उलटंच: पहिली दोनशे आवर्तनं कॅपॅसिटन्स वाढतच जातो आणि पोरं पेढे वाटायच्या बेतात असतात. तेही आजाराचंच लक्षण आहे, पुढे येईल.

मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. मुलं मला काका म्हणतात. दरवर्षी फेब्रुवारी लागला की शेवटच्या वर्षाचे दोन-तीन गट एपीएमसीतून आणलेल्या नारळाच्या करवंट्यांचा सक्रिय कार्बन करून सुपरकॅपॅसिटर बनवतात, आणि मार्चमध्ये दारात उभे राहून एकच वाक्य म्हणतात: "काका, कार्बन खराब निघाला." मग पुन्हा भट्टी, पुन्हा ८०० अंश, पुन्हा धुणं, वाळवणं, कुटणं. दोन आठवडे जातात. नवा सेल तंतोतंत जुन्यासारखाच वागतो, कारण कार्बन बदलला तरी इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे सेलमध्ये भरायच्या आयनांच्या द्रावणाची, बाटली तीच असते.

बाटलीवर माझा एवढा डोळा का, ते थोडक्यात सांगतो. या कॅपॅसिटरमध्ये भार साठतो तो कार्बन आणि द्रावण जिथे एकमेकांना भिडतात तिथे. कार्बनच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन, आणि समोर, नॅनोमीटरभर अंतरावर, द्रावणातले आयन. म्हणजे कॅपॅसिटरची एक प्लेट तुम्ही भट्टीत भाजली आणि दुसरी बाटलीतून ओतली. किती व्होल्टपर्यंत ताणता येईल हे जवळजवळ पूर्णपणे द्रावण ठरवतं. आतला रोध किती, हे बऱ्याच अंशी द्रावण ठरवतं. कॅपॅसिटन्ससुद्धा निम्मा-शिम्मा त्याच्याच हातात, कारण छिद्र आहे पण आयन शिरत नाही, तर त्या छिद्राचा उपयोग शून्य. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत जाते, हे तर बारावीतच शिकलोय.

आता तपासण्या. स्वस्त ते महाग, याच क्रमानं करा. मधली एखादी गाळून थेट शेवटच्या तपासणीकडे उडी मारणारे गटच मे महिन्यात मुदतवाढ मागत फिरतात.

पहिली: कागद-पेन्सिल

फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही. दोन सारख्या इलेक्ट्रोडच्या सेलचा कॅपॅसिटन्स मोजला, तर एका इलेक्ट्रोडचा प्रति ग्रॅम आकडा काढताना सेलच्या कॅपॅसिटन्सला ४ नं गुणायचं आणि दोन्हीकडच्या कार्बनच्या एकूण वजनानं भागायचं. हा चौपटीचा हिशोब चुकला की चांगला सेल भिकार दिसतो, किंवा भिकार सेल जगज्जेता. कुठल्या पेपरशी तुलना करताय त्यानं तीन इलेक्ट्रोडवर मोजलंय की दोनवर, तेही बघा.

मग रोध काढा. चार्ज संपून त्याच करंटनं डिस्चार्ज सुरू होतो, त्या क्षणी व्होल्टेज किती पडलं ते आलेखावरून वाचा आणि करंटच्या दुपटीनं भागा. दुपटीनं, कारण करंट अधिक ३ वरून उणे ३ वर गेलाय, म्हणजे फरक ६ चा. गेल्या वर्षीच्या एका सेलचं उदाहरण देतो. एका बाजूला ३ मिलिग्रॅम कार्बन, १ ॲम्पिअर प्रति ग्रॅमला करंट ३ मिलिॲम्पिअर, घसरण ६० मिलिव्होल्ट. रोध आला १० ओहम. पोरं म्हणाली, ६० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही. बरोबर, पण करंट दहापट केला की घसरणही दहापट: ६०० मिलिव्होल्ट. १ व्होल्टच्या सेलमध्ये हाताशी उरले ०.४. करंट वाढवला की बसतो तो हा असा. या सेलचा रोध दीड-दोन ओहमवर आणला असता तर त्याच कार्बननं नाव काढलं असतं. (शेवटी आणलाच. कसा, ते चौथ्या आणि पाचव्या तपासणीत.)

साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हा रोध मोजू नका. ते मीटर सेलला हळूहळू चार्ज करत बसतं आणि वाटेल तो आकडा दाखवतं.

दुसरी: पिळून बघणे

द्रावणाचा दोष आणि जोडणीचा दोष आलेखावर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. वेगळे करायचा सोपा उपाय: सेलचे स्क्रू अर्धा फेरा आवळा, किंवा कॉइन सेल असेल तर होल्डरवर बोटानं दाब द्या, आणि पुन्हा मोजा. रोध लगेच उतरला तर दोष संपर्काचा: क्लिपा गंजल्यात, स्प्रिंग मऊ पडलीय, कार्बनचा थर फॉइलवरून सुटतोय. आमच्या दमट हवेत तांब्याच्या क्रोकोडाइल क्लिपा एका पावसाळ्यात हिरव्या होतात. पॉलिश पेपरनं घासा. पिळूनही आकडा हलला नाही तर संशय द्रावणाकडे वळवा.

तापमानही लिहून ठेवा. पाण्यातल्या द्रावणाची वाहकता अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. एसी लावून २२ अंशांना मोजलेला सेल आणि मेमधल्या दुपारी एसी बंद असताना ३४ अंशांना मोजलेला सेल, यांची तुलना करून "आमच्या नव्या कार्बननं रोध कमी केला" असं लिहिलेलं मी वाचलंय.

तिसरी: हाव कमी करा

आयताला वरच्या कोपऱ्यात शेपूट फुटत असेल तर आधी कमाल व्होल्टेज ०.८ वर आणा आणि पुन्हा चालवा. शेपूट गेलं? मग सेलला काही झालेलं नाही, तुम्ही पाणी फोडत होता. पाण्याचं विघटन सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्टला सुरू होतं. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) किंवा सल्फ्युरिक ॲसिडमधल्या कार्बन सेलला मी १ व्होल्टच्या वर नेऊ देत नाही. शेपटाचा भाग कॅपॅसिटन्समध्ये धरला की आकडा फुगतो आणि सेल झिजतो, कारण पॉझिटिव्ह बाजूचा कार्बन हळूहळू ऑक्सिडाइझ होत राहतो आणि वायूचे बुडबुडे छिद्रांची तोंडं अडवतात. सोमवार-गुरुवारवाल्या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच असतं.

"पण अमक्या पेपरमध्ये पाण्यातच १.६ घेतलेत." घेतलेत, पण द्रावण कोणतं ते वाचलं का? उदासीन सोडियम सल्फेटमध्ये १.६ व्होल्टपर्यंत जाता येतं. तिथे हायड्रोजन आयन आधीच तुटपुंजे असतात, आणि निगेटिव्ह बाजूच्या छिद्रांत जरा विघटन सुरू झालं की आतला पीएच वर सरकतो, त्यामुळे हायड्रोजन सुटणं आणखी लांबतं. १ च्या जागी १.६ व्होल्ट म्हणजे त्याच कॅपॅसिटन्सला अडीचपट ऊर्जा. किंमत चुकवावी लागते ती वाहकतेत, त्याचा हिशोब पुढे.

चौथी: बाटली

इथे जरा बसून बोलू, कारण बहुतेक केसेस इथेच सुटतात.

बाटली हातात घ्या. तारीख आहे का? नसेल तर ओता, म्हणजे रीतसर उदासीन करून कचऱ्याच्या कॅनमध्ये, बेसिनमध्ये नाही. झाकणाच्या आट्यांवर पांढरी खपली आहे का? केओएच हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पोटॅशियम कार्बोनेट बनतं. खपलीचा कण ड्रॉपरच्या टोकावर घेऊन त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. बाटलीच्या तोंडाशी थोडं असतंच, त्यानं घाबरू नका. पण खपली जाड आणि बाटली अर्धी रिकामी असेल तर आतही बरंच झालेलं असतं. कार्बोनेटचं द्रावण हायड्रॉक्साइडपेक्षा कमी वाहतं. हायड्रॉक्साइडचा आयन पाण्यात असाधारण वेगानं सरकतो, कारण प्रोटॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे हातोहात दिला जातो. कार्बोनेटला ती सोय नाही.

दुसरी गोष्ट, वजन. ६ मोलर केओएचसाठी १०० मिलिलिटरला ३३.७ ग्रॅम, हा हिशोब सगळे करतात. पण बरणीवरचं लेबल वाचा: बाजारातल्या गोळ्या साधारण ८५ टक्के असतात, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे तुम्ही बनवलं ते ५.१ मोलर. हवे होते ३९.६ ग्रॅम. यानं सेल मरत नाही हे कबूल करतो, कारण केओएचची वाहकता ६-७ मोलरच्या आसपास शिखरावर असते आणि शिखराच्या जवळपास उतार मंद असतो. पण दोन गटांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि मग महिनाभर वाद. शिखराचंही लक्षात ठेवा: आणखी घट्ट केलं की आणखी चांगलं, असं होत नाही. आयनांची दाटी होते, द्रावण चिकट होतं आणि वाहकता उलट उतरते.

गोळ्या पाण्यात थोड्या थोड्या टाका, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून, गॉगल आणि हातमोजे घालून. द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीतच ठेवा. काच केओएचनं झिजते आणि काचेचं बूच असं बसतं की नंतर ते काढायला हातोडीच हवी. ॲसिडचंही तसंच: पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही.

तिसरी गोष्ट, पाणी. मोरबे धरणाचं पाणी प्यायला उत्तम, नवी मुंबईकर त्याबद्दल मिरवतात ते उगाच नाही. पण सेलला नळाचं पाणी चालत नाही, आणि कँटीनच्या आरओचंही नाही. त्यात क्लोराइड, कॅल्शियम आणि पाइपातलं थोडं लोह असतं. ऑनलाइन मिळणारं पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवा. डीआयोनाइज्ड (डीआय, म्हणजे आयन काढून टाकलेल्या) पाण्यानं ० किंवा १ दाखवलं पाहिजे. आरओ दहा-वीस-पन्नास काहीही दाखवतं. इतक्याशा लोहानं काय बिघडतं, ते सातव्या तपासणीत.

मघाच्या १० ओहमच्या सेलची बाटली ऑगस्टात भरलेली होती आणि झाकणाऐवजी वर पॅराफिल्म ताणलेली. मार्चमध्ये ती फिल्म मधोमध फाटलेली. नवं द्रावण, नवा सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला सच्छिद्र पडदा), तेच इलेक्ट्रोड धुऊन वापरले. रोध ४ ओहमवर आला. उरलेला पाचव्या तपासणीत गेला.

सोडियम सल्फेटवाल्यांसाठी एकच: बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. त्या मिठाची विद्राव्यता थंडीत झपाट्यानं घटते. १ मोलर द्रावण खोलीत ठीक असतं, फ्रिजमध्ये तळाला स्फटिक. वरचं निवळ ओतून सेल भरला की तुमचं १ मोलर फक्त लेबलावर उरतं.

पाचवी: अळवावरचं पाणी

कोऱ्या, कोरड्या इलेक्ट्रोडवर ड्रॉपरनं द्रावणाचा एक थेंब सोडा. तिरप्या उजेडात बघा. थेंब पसरून काही सेकंदांत आत गेला तर उत्तम. गोल मोत्यासारखा बसून राहिला, हात हलवला की घरंगळला, तर कार्बन भिजतच नाहीये. करवंटीचा कार्बन जास्त तापवला की त्याच्यावरचे ऑक्सिजनचे गट जातात, आणि कण बांधून ठेवणारा बाइंडर म्हणून पीव्हीडीएफ किंवा पीटीएफई घातलेलं असतं, ज्याचा भाऊबंद तुमच्या नॉनस्टिक तव्यावर आहे. पाणी कसं चिकटणार?

न भिजलेल्या छिद्रांत हवा बसलेली असते. तेवढं क्षेत्रफळ वाया. आवर्तनं चालू ठेवली की द्रावण हळूहळू आत सरकतं, कॅपॅसिटन्स वाढत जातो, आणि पोरं "सक्रियीकरण झालं" असं लिहितात. झालं काय, तर इलेक्ट्रोड अखेर भिजला.

उपाय स्वस्त आहे. बीकरमध्ये द्रावण, त्यात इलेक्ट्रोड बुडवलेले, बीकर डेसिकेटरमध्ये (काचेच्या हवाबंद भांड्यात), आणि व्हॅक्यूम पंप. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरून बारीक बुडबुडे निघायला लागतात, साबुदाण्याच्या खिचडीत तुपाचे ठिपके उठावेत तसे. ते थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, थांबा. मग हवा हळूच आत सोडा: हवेचा दाब द्रावणाला छिद्रांत ढकलतो. तसंच रात्रभर भिजत ठेवा. पंप नसेल तर नुसतं रात्रभर भिजवा, निम्मं काम होतं. बाइंडर १० टक्के घालत असाल तर पुढच्या वेळी ५ करून बघा.

त्या सेलला एवढं केल्यावर रोध १.८ ओहम आला. कार्बन तोच, पहिल्या दिवसाचा.

सहावी: सेपरेटर आणि धातू

सेपरेटर बदलणं काही रुपयांचं काम आहे. लिथियम सेलमधला पॉलिप्रॉपिलीनचा पडदा पाण्याच्या द्रावणात वापरू नका, तो पाण्याला दाद देत नाही. ग्लास फायबर किंवा फिल्टर पेपर घ्या. उघडलेल्या सेलमधला कागद उजेडासमोर धरा: मधोमध कोरडा, फिकट गोल दिसला तर द्रावण कमी पडलंय.

धातूचं, म्हणजे कार्बन ज्यावर लावतो त्या करंट कलेक्टरचं, मात्र नीट बघा, इथे फसगत मोठी. केओएचमध्ये निकेल चालतं, ॲल्युमिनियम नाही. ॲल्युमिनियम फॉइल केओएचमध्ये टाकली की फसफसून हायड्रोजन निघतो आणि फॉइल विरघळते. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ग्रॅफाइटची शीट घ्या. एका गटानं ॲसिडमध्ये निकेल फोम वापरला होता. दुसऱ्या दिवशी सेल उघडला तर फिल्टर पेपर पोपटी हिरवा. त्यांचा करंट कलेक्टर कागदावर उतरला होता. क्लोराइडच्या द्रावणात स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

आणि केओएचमधल्या निकेल फोमची वेगळी गंमत आहे. तो गंजत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते स्वतःच भार देतं-घेतं. आयतावर दोन उंचवटे दिसले तर नुसता फोम, कार्बनशिवाय, त्याच मर्यादेत चालवा. उंचवटे तिथेही आले तर तुमचा "विक्रमी" कॅपॅसिटन्स करवंटीचा नसून निकेलचा आहे. केओएचमध्ये सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोडही (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) फार काळ ठेवू नका, त्याचा आकडा सरकतो. मर्क्युरी ऑक्साइडचा घ्या.

सातवी: रात्रीत उतरणारा सेल

आधी खरी गळती आहे की भास, ते ठरवा. झटपट चार्ज करून सोडलेला सेल पहिल्या काही मिनिटांत उतरतोच. भार छिद्रांच्या तोंडाशी गोळा झालेला असतो, तो आत खोलवर पसरतो. हा दोष नाही. सेल १ व्होल्टला तासभर धरून ठेवा, मग सोडा आणि बघा. त्यानंतरही झपाट्यानं उतरत असेल तर गळती खरी.

आम्हाला वारंवार सापडलेला गुन्हेगार म्हणजे लोह: पाण्यातून, स्टीलच्या केसमधून किंवा न धुतलेल्या कार्बनमधून आलेलं. लोहाचा दोन भारांचा आयन पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडला एक इलेक्ट्रॉन देतो आणि तीन भारांचा होतो. तरंगत निगेटिव्हकडे जातो, तिथून इलेक्ट्रॉन उचलतो, पुन्हा दोनचा होऊन परत. स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षासारखं: भरून जायचं, उतरवायचं, परत यायचं. स्वतः खर्च होत नाही, म्हणून चिमूटभर लोह रात्रभर फेऱ्या मारून सेल रिकामा करतं. ॲसिडच्या सेलमध्ये हे जास्त, कारण लोह तिथे विरघळलेलं राहतं. उपाय: कार्बन पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडनं आणि मग डीआय पाण्यानं पीएच ७ येईपर्यंत धुणं, शेवटच्या पाण्याचं टीडीएस मोजणं, आणि ॲसिडच्या सेलमधून स्टील हद्दपार. लोखंडी खलबत्त्यात कार्बन कुटला असेल तर ते आत्ताच कबूल करा, वेळ वाचेल.

आठवी: आयन आणि छिद्राचं जमतंय का

इथवर सगळं नीट असूनही मोठ्या करंटला सेल दमतो, तर द्रावण बदलून बघायची वेळ आली. खोलीच्या तापमानाच्या वाहकता, प्रति सेंटीमीटर मिलिसीमेन्समध्ये, ढोबळ: ६ मोलर केओएच ६००, १ मोलर सल्फ्युरिक ४०० च्या जवळ, १ मोलर सोडियम सल्फेट ९० च्या घरात. सेंद्रिय द्रावकांत टेट्राइथाइल अमोनियम टेट्राफ्लुओरोबोरेट हे मीठ १ मोलर घातलं तर ॲसिटोनायट्राइलमध्ये ५०-६० आणि प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये १३ च्या आसपास. ०.३ मिलिमीटर जाड, १ चौरस सेंटीमीटर द्रावणाचा रोध मांडा: केओएचमध्ये ०.०५ ओहम, सल्फेटमध्ये ०.३३, प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये २.३. हे मोकळ्या द्रावणाचं झालं. अरुंद, वळणावळणाच्या छिद्रांत याच्या कितीतरी पट.

आकाराचं गणित फसवं आहे. नुसता लिथियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. पण पाण्यात तो आपल्याभोवती रेणूंचं मोठं कोंडाळं घेऊन फिरतो, आणि कोंडाळ्यासकट पोटॅशियमच लहान ठरतो. म्हणून केओएच चपळ. पाठीवर सॅक घेऊन सकाळी साडेआठला ठाण्याहून लोकलमध्ये शिरणारा माणूस डोळ्यासमोर आणा: प्रश्न माणसाच्या मापाचा नसतो, सॅकचा असतो. आणि गर्दीत तो सॅक उतरवून पुढे धरतो, तसं आयनही करतात. १ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांत आयन द्रावकाचं आवरण अंशतः उतरवून शिरतात आणि कॅपॅसिटन्स उलट वाढतो, हे २००६ साली कार्बाइडपासून बनवलेल्या कार्बनवर दाखवलं गेलं. पण शिरायला वेळ लागतो. नुसती बारीक छिद्रं असलेला करवंटीचा कार्बन मंद करंटला भरपूर देतो आणि वेगात अडखळतो. त्याला २ ते ५० नॅनोमीटरचे रुंद बोळ हवेत, नाहीतर चपळ आयन. बोळ पाडायला पुन्हा भट्टी. आयन बदलायला एक बाटली. काय स्वस्त ते तुम्हीच बघा.

इथे थांबा

पेपरमध्ये २.७ व्होल्ट वाचून सेंद्रिय इलेक्ट्रोलाइट मागवायचा मोह होतो. ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूनं भरलेली, बसवलेल्या हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) नसेल तर मागवू नका, आणि जुलैत तर नाहीच. आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकाची पानं गोळा होतात, ते मीठ काय कोरडं राहणार? अशा द्रावणात पाणी दशलक्षात काही दशक भागांच्या वर गेलं की वरच्या व्होल्टेजला वायू, फुगवटा, गळती सुरू. शिवाय फ्लुओरोबोरेट पाण्याशी भिडून हायड्रोफ्लुओरिक ॲसिड देऊ शकतं. ॲसिटोनायट्राइलची वाफ २ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि शरीरात गेल्यावर त्याचं सायनाइड बनतं, त्रास काही तासांनी कळतो. हे काम ज्या प्रयोगशाळेत ग्लोव्ह बॉक्स आणि सराईत माणूस आहे तिथे जाऊन करा. गाइड सरांना पत्र द्यायला सांगा.

बाजारातला तयार सेल बिघडला असेल तर तुमची तपासणी बाहेरून मोजण्यापुरतीच. कॅपॅसिटन्स मूळच्यापेक्षा २० टक्के कमी किंवा रोध दुप्पट झाला की उत्पादक त्याला संपलेला धरतात. १० अंश तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून बंद गाडीत, उन्हात बसवलेले सेल लवकर जातात. डबा फुगला असेल, वरच्या खाचेतून गोडसर, ईथरसारखा वास येत असेल, तर खिडक्या उघडा, खोलीतून बाहेर पडा. कापून बघायचं नाही. आणि ओळीत जोडलेलं मॉड्यूल असेल, तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्या माणसाला बोलवा. २.७ व्होल्ट, ५०० फॅरडचे सहा सेल म्हणजे १६ व्होल्ट, दिसायला निरुपद्रवी. आत जवळपास ११ किलोज्यूल, म्हणजे पंचाहत्तर किलोच्या माणसाला पाच मजले वर नेण्याइतकी ऊर्जा. दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर तो तिथेच वितळून चिकटतो. सेलमधलं संतुलन बिघडलं असेल तर सर्वांत अशक्त सेलवर सर्वांत जास्त व्होल्टेज येतं, तेही बाहेरून दिसत नाही.

केओएच किंवा ॲसिड डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्यानं किमान पंधरा मिनिटं, आणि तसंच दवाखान्यात. "थोडंसंच उडालं काका" हे मला ऐकवू नका. केओएच सुरुवातीला ॲसिडपेक्षा कमी झोंबतं आणि जास्त खोल जातं.

आठही तपासण्या झाल्या, द्रावण ताजं, पाणी शून्य टीडीएसचं, इलेक्ट्रोड व्हॅक्यूममध्ये भिजवलेले, धातू योग्य, आणि तरीही आकडे येत नाहीत, तर आता प्रकरण आपल्या टेबलावरचं राहिलं नाही. कार्बनचं पृष्ठफळ आणि छिद्रांची मापं नायट्रोजन शोषणावरून काढून घ्या, धातूंचे अंश आयसीपीवर तपासून घ्या. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात, रांग असते, म्हणून जानेवारीतच अर्ज टाका. तो रिपोर्ट हातात आल्यावर कार्बन वाईट म्हणा, मी मान्य करीन, भट्टीची किल्लीही देईन. तोवर एपीएमसीतल्या नारळवाल्याला त्रास देऊ नका.